मीटर बिल्डरच्या नावावर, सोलर आमच्या गच्चीवर

नागपुरात मनीषनगरातली आमची फ्लॅट स्कीम चोवीस घरांची. लिफ्ट, बोअरचा पंप आणि जिन्यातले दिवे मिळून एक सामायिक मीटर. त्याचं बिल महिन्याला नऊ-दहा हजार, मे महिन्यात त्याहून जास्त. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गच्चीवर सोलर लावायला सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी मिळते, असं कळलं. सचिव मी असल्यामुळे घंटा माझ्याच गळ्यात आली.

पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा घेतली. पहिलाच प्रश्न आला, "मंग माह्या घरचं बिल किती कमी होईन?" मी म्हटलं, काहीच नाही. घरच्या मीटरसाठी योजनेत वेगळी सबसिडी आहे, ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये. पण इथे गच्ची सगळ्यांची आणि सोलर सामायिक मीटरवर लागणार, म्हणजे वाचेल तो मेंटेनन्स. दोघंजण तिथेच उठून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची हरकत मात्र खरी होती: "अन् मी कुरड्या कुठं वाळवू?" शेवटी आठ फूट उंच स्ट्रक्चर घ्यायचं ठरलं. त्यानं खर्च वाढला, पण गच्ची वापरात राहिली. आमच्या १० किलोवॅटला साधारण हजार चौरस फूट जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते, हे मी रविवारी खडूनं आखून घेतलं.

कोटेशनं तीन आली. सगळ्यात स्वस्त जे होतं ते साठ हजारांनी कमी, सगळ्यांना तेच हवं होतं. पॅनेल कुठले, एवढं एकच विचारलं. सबसिडीसाठी आतल्या वीज बनवणाऱ्या सेलसकट देशात बनलेले पॅनेल लागतात, त्याचे नव्हते. साठ हजार वाचवायला निघालो असतो तर सबसिडीचे एक लाख ऐंशी हजार गेले असते. आम्ही घेतलेलं काम ५,६०,००० ला पडलं. सबसिडी नंतर येते, हे लोकांच्या डोक्यात उतरवायला मला दोन सभा लागल्या. आधी सगळे पैसे आपणच भरायचे. शिल्लक निधीतून दोन लाख काढले आणि घरटी १५,००० गोळा केले.

इथवर सगळं सुरळीत. योजनेच्या पोर्टलवर मीटरचा ग्राहक क्रमांक टाकला आणि स्क्रीनवर बिल्डरचं नाव उमटलं.

पंधरा वर्षं दर महिन्याला ते बिल माझ्या नाहीतर आधीच्या सचिवांच्या हातात येत होतं. आम्ही रक्कम पाहायचो, शेवटची तारीख पाहायचो. वरच्या ओळीतलं नाव कोणी वाचलंच नव्हतं. अर्ज ज्याच्या नावाचं मीटर त्याच्याच नावानं होतो आणि सबसिडीही त्याच्याच खात्यात जाते. म्हणजे आम्ही चोवीस घरांनी वर्गणी करायची आणि पैसे जायचे त्या माणसाच्या खात्यात, ज्यानं कंपाउंडची भिंतसुद्धा अर्धवट सोडली होती!

नाव बदलायचं तर कोणाच्या नावावर करायचं? नागपुरातल्या बऱ्याच स्कीमसारखी आमचीही सहकारी सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणणारा नोंदणीचा दस्त, झालेली असोसिएशन आहे. डीडची प्रत कोणाकडेच नव्हती, ती नोंदणी कार्यालयातून काढली. असोसिएशनच्या नावाचं पॅन नव्हतं. बँक खातं होतं, पण ते दोन व्यक्तींच्या संयुक्त नावावर, आणि त्यातले एक काका वारले त्याला चार वर्षं झाली. मेंटेनन्स आम्ही सगळे त्यांच्याच खात्यात भरत होतो. मग आधी ठराव, त्यावर पॅन, पॅनवर खातं आणि त्यानंतर मीटरच्या नावबदलाचा अर्ज. एक कागद दुसऱ्याच्या पाठीवर उभा. यातच अडीच महिने गेले. बिल्डरची ना-हरकत हवी होती. तो फोन उचलेना. शेवटी त्याचा मुलगा एका लग्नात भेटला. "काका, इतक्यासाठी फिरून राहिले का तुम्ही?" म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी सही आणून दिली.

त्यापुढचं काम त्या मानानं पटापट झालं. अर्ज मंजूर झाला, पॅनेल चढले, तपासणी झाली आणि महावितरणचं दोन्हीकडची वीज मोजणारं नेट मीटर लागलं. प्रत्येक पॅनेलचा क्रमांक मी वहीत उतरवून ठेवला होता, अपलोड करताना तो कामी आला. एकदा लागलेल्या पॅनेलचा क्रमांक पाहायला आठ फूट वर कोण चढणार? सबसिडीचे १,८०,००० रुपये सव्वा महिन्यानं असोसिएशनच्या खात्यात आले.

आता थोडं विजेबद्दल. नागपूरचं ऊन म्हणजे सोलरची चांदी, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला त्याची क्षमता थोडी थोडी घटते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पॅनेलची काच हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. आमच्या इन्व्हर्टरवर मार्चमध्ये दिवसाला ४५ युनिट दिसायचे, मे महिन्याच्या शेवटी ४० च्या आसपास. धूळही आहेच. पंधरा दिवसांनी पॅनेलवरून ओलं फडकं फिरवलं की ते राखाडी होतं. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं आहेत. फडक्यावरची राख त्यांची की रस्त्याची, यावर गच्चीवर रोज वाद होतो. ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला आम्ही हजारावर युनिट बनवतो, म्हणजे तेवढ्यापुरता जवळपास पाऊण टन कमी. सभेत हा आकडा सांगितला तेव्हा कोणी मान वर केली नाही. बिल ७०० रुपये आलं, हे सांगितल्यावर उठून गेलेले दोघं परत येऊन बसले.

काकू पॅनेलखाली कुरड्या घालत नाहीत. "सावलीत वाळते का कधी कुरडी?" म्हणून त्यांनी दक्षिणेकडची रिकामी पट्टी घेतली आहे. पॅनेलखाली संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, त्यावरून माझी रोजची भांडणं.

परवा पाण्याचं बिल आलं. या वेळी वरची ओळ आधी वाचली. त्यावर अजून बिल्डरचंच नाव आहे.