दिसत होतं तरी काढला

"डोळा काढायचीच काय गरज होती, वाचवता आला नसता का?" चार वर्षं ऐकतेय. लग्नात, सोसायटीच्या जिन्यात, परवा तर मंडईत मटार निवडताना चुलत सासूबाईंनी विचारलं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

कॅन्सरची गाठ डोळ्याच्या पडद्याच्या मागच्या थरात होती, ९ मिलिमीटर उंच, डोळ्याच्या नसेला लागून. अशा गाठीवर किरणोत्सर्गी चकती डोळ्याला बाहेरून टाके घालून बसवतात आणि काही दिवसांनी काढतात. रुथेनियमची चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच बनते, पण ती साधारण ५-६ मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला पुरते. आयोडीनची जास्त खोल जाते. डॉक्टर म्हणाले होते, ती बाहेर कुठे करता येते का बघू, पण नस जवळ आहे, नजर बहुतेक जाईलच. म्हणजे पर्याय होता. मी सगळ्यांना "पर्यायच नव्हता" सांगत आले कारण त्यावर माणसं गप्प बसतात.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आधी नर्सने विचारलं कुठला डोळा, मग रेसिडेंट मुलीने, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी. तिन्ही वेळा मी डावा म्हटलं. त्या मुलीने मार्करने डाव्या भुवईच्या वर बाण काढला. ती गेल्यावर मी उजवा डोळा तळव्याने झाकला आणि यांच्याकडे बघितलं. कपाळ आणि चष्मा सावलीत बुडालेले, पण नाकाखालचं सगळं दिसत होतं हो, मिशी, हनुवटीवर दाढी करताना राहिलेले दोन-तीन खुंट, शर्टचं वरचं उघडं बटण. स्वच्छ दिसत होतं. हे म्हणाले काय बघतेस, मी म्हटलं बटण लावा. त्यांनी लावलं, तेही दिसलं. तेव्हा थांबा म्हणता आलं असतं. ट्रॉली आली आणि मी स्वतःहून चढून झोपले.

घाई केलीस, असं मी तेव्हाच्या मला कितीदा म्हटलंय. ती म्हणते, कॅन्सर आहे म्हटल्यावर दुसरं काय सुचणार, बाहेर काढा एवढंच कळत होतं. पण अमेरिका-कॅनडात मध्यम आकाराच्या गाठीच्या १३१७ पेशंटवर चकती की डोळा काढणं अशी तुलना झालीये, १२ वर्षांनंतरही जगण्यात फरक दिसला नाही. हे नंतर वाचलं म्हणावं तर तेही खोटं, माझ्याच फाईलमध्ये डॉक्टरांनी हाताने लिहून दिलेलं होतं. मी ऐकलंच नव्हतं. आणि चकती लावूनही काहींचा डोळा पुढे काढावाच लागतो, हेही तिथेच लिहिलंय.

काचेचा डोळा म्हणू नका, ॲक्रिलिकची पातळ वाटी आहे, रंगवलेली. आत गोळा बसवून स्नायू त्याला जोडलेत म्हणून थोडी हलते. ॲक्टिव्हा चालवते मी, कर्वे रोडलासुद्धा, पण कपात चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवूनच ओतते.

"काढला ना, मग आता सगळं गेलं," असं तर कृपा करून म्हणू नका. हा आजार पसरला तर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये जातो, आणि पेशी डोळा काढायच्या आधीच निघालेल्या असू शकतात. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट नीट आला की वाटतं बरं झालं काढला, आणि आठवड्याभराने यांच्या शर्टला इस्त्री करताना वाटतं की नको होता काढायला. पुढची तपासणी गुरुवारी आहे.