परवेझचे वडील

रविवार, रात्र

कमिला शम्सींची 'होम फायर' ही कादंबरी दुपारी वाचून संपली, पण परवेझ डोक्यातून जायला तयार नाही. लंडनच्या वेम्बली भागात वाढलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. भाजीच्या दुकानात काम करायचं आणि उरलेल्या वेळात आसपासचे आवाज रेकॉर्ड करत हिंडायचं, एवढंच त्याचं जग. हा मुलगा आयसिस या दहशतवादी संघटनेसाठी सीरियातल्या राक्काला जातो. पुढे काय होणार या धास्तीने मी पानं उलटत होतेच, पण खरा थरकाप उडाला तो त्याला फितवलं कसं जातं ते वाचताना.

आयसिससाठी पोरं गळाला लावणारा फारूक त्याला धर्म शिकवायला येत नाही. तो त्याला त्याच्या वडिलांच्या गोष्टी सांगतो.

वडील, आदिल पाशा, जिहादी होते. अफगाणिस्तानात बग्रामच्या अमेरिकी तुरुंगात त्यांचे हाल झाले आणि ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगात नेत असताना वाटेतच ते गेले. घरात त्यांचा विषय काढायचा नाही, हे मुलांना न सांगताच कळलेलं. या गप्प बसण्याला तरी नावं कशी ठेवू? पोलिसांची नजर, शेजारपाजाऱ्यांची कुजबुज, यातून पोरं वाचवायची होती. आई आणि आजी पाठोपाठ गेल्यावर मोठ्या बहिणीने, इस्माने, शिक्षण सोडलं, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नोकरी धरली आणि बारा वर्षांच्या जुळ्या भावंडांना वाढवलं. वडिलांबद्दल तिच्या मनात फक्त राग आहे, आणि त्या रागाचा तिला पुरेपूर हक्क आहे. परवेझला मात्र वडील आठवतसुद्धा नाहीत. फारूक त्याला सांगतो, तुझा बाप शूर होता. मग एक दिवस वडिलांनी काय सोसलं ते कळावं म्हणून त्याला साखळीने जखडून ठेवलं जातं. ती पानं वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. मुलाला त्या वेदनेतही वडील जवळ आल्यासारखे वाटतात! घरात कुणी एकदा त्याला शेजारी बसवून बऱ्यावाईटासकट सगळं सांगितलं असतं तर? फारूककडे त्याला द्यायला मग काय उरलं असतं, हा विचार पाठ सोडत नाही.

आम्ही कल्याणची माणसं. 2014 मध्ये इथले चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे. त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला. त्या घरांत काय चाललं होतं ते मला माहीत नाही, आणि कादंबरी वाचून ते कळल्याचा आव आणणार नाही. पण तेव्हा लोकलमध्ये, बाजारात त्यांच्या आईवडिलांबद्दल जे बोललं जायचं, ते आज आठवून त्रास झाला.

परवेझ गेल्याचं पोलिसांना कळवते ती इस्माच. जुळी बहीण अनीका तिच्याशी नातं तोडते. मी दोघींच्या बाजूने भांडत राहिले. उरलेल्यांना वाचवायचं तर इस्माने दुसरं काय करायचं होतं? आणि ज्याच्याबरोबर आईच्या पोटात वाढली, त्याचं नाव पोलिसांना दिलेलं अनीकाने कसं सोसायचं?

माझा राग आहे तो कादंबरीतल्या ब्रिटिश गृहमंत्र्यावर, करामत लोनवर. स्वतः पाकिस्तानी वंशाचा, म्हणून जास्तच कडक. राक्कात परवेझच्या वाट्याला प्रचाराच्या चित्रफितींसाठी आवाजाचं काम येतं. त्याचे डोळे उघडतात, तो पळतो, इस्तंबूलमधल्या ब्रिटिश वकिलातीपर्यंत पोचतो आणि तिथेच मारला जातो. लोन त्याचं प्रेतसुद्धा इंग्लंडमध्ये येऊ देत नाही; ते कराचीला पाठवलं जातं. भावाच्या दफनासाठी राजाज्ञा मोडणारी सोफोक्लीसची अँटिगनी शम्सींनी इथे अनीकाच्या रूपाने कराचीत आणून उभी केली आहे. कादंबरी 2017 ची. पाकिस्तानी वंशाचेच साजिद जाविद प्रत्यक्षात ब्रिटनचे गृहमंत्री झाले 2018 मध्ये, आणि पंधराव्या वर्षी लंडनहून आयसिससाठी सीरियाला गेलेल्या शमीमा बेगमचं नागरिकत्व त्यांनी काढून घेतलं 2019 मध्ये. कादंबरी आधीची आहे, हे मी पुन्हा तपासून पाहिलं.

शमीमाच्या गुन्ह्याची चौकशी व्हावी, शिक्षाही व्हावी. पण ती तिच्या देशात, तिच्या देशाच्या कोर्टात. परवेझ तर स्वतःहून परत यायला निघाला होता.