विकणाऱ्याचीच लबाडी?

"एकदा विकलेलं नाव परत विकून पैसे उकळले त्यांनी!" आयपॅडच्या नावावरून चीनमध्ये ॲपल आणि प्रोव्ह्यू यांच्यात झालेल्या भांडणाबद्दल, प्रोव्ह्यूला उद्देशून, आज एक सहकारी सहज बोलून गेला. विषय बदलला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

प्रोव्ह्यू ही मॉनिटर बनवणारी कंपनी. ॲपलच्या टॅब्लेटच्या कितीतरी आधी तिने 'आय-पॅड' नावाचा कॉम्प्युटर काढला होता, नावाची रीतसर नोंदणीही केली होती. २००९ मध्ये तैवानमधल्या प्रोव्ह्यूने हे हक्क ३५,००० पौंडांना विकले. घेणारी होती ब्रिटनमधली 'आयपी ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट'. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा, आय-पी-ए-डी! कंपनीच या खरेदीसाठी काढलेली. पाठीमागे ॲपल आहे, याचा समोरच्याला पत्ताच नाही.

पण चीनमधली नोंदणी होती त्याच समूहातल्या, शेनझेनच्या प्रोव्ह्यू या वेगळ्या कंपनीच्या नावावर, आणि ती म्हणाली, आम्ही कुठे काय विकलंय? प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी २०१२ मध्ये ॲपलने ६ कोटी डॉलर मोजून तडजोड केली.

आडून खरेदी करणं बेकायदेशीर नाही, मान्य. खरा खरेदीदार कळला की भाव चढतो, हेही खरं. पण प्रोव्ह्यू तेव्हा कर्जात बुडालेली होती, म्हणून तिचा दावा लबाडीचाच, हे आपण किती पटकन ठरवून टाकतो. मला राग येतो तो याचा.

घेणाऱ्याने ओळख लपवली तर ती हुशारी, आणि विकणाऱ्याने नोंदणीच्या कागदावर बोट ठेवलं की ती खंडणी? असं का?