न उसळणारा चेंडू

चेंडूनं उसळावं, ही अपेक्षा रांगत्या मुलाचीही असते. फुटसाल म्हणजे छपराखाली, कठीण लादीवर खेळलं जाणारं पाच-पाच जणांचं फुटबॉल. त्याचा चेंडू ही अपेक्षा पुरी करत नाही. दोन मीटर उंचीवरून सोडला, तर पहिल्या टप्प्याला त्यानं कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ६५ सेंटिमीटर वर यावं, असा नियमच आहे. म्हणजे गुडघ्याच्या आसपास येऊन गप्प बसायचं. घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर, वजन ४०० ते ४४० ग्रॅम. मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० आणि वजन ४१० ते ४५०. चणीनं धाकटा, पण वजनाला जवळपास थोरल्याइतकाच.

छपराखाली, पाच-पाच जणांत आणि टीव्हीच्या पडद्यावर खेळला जाणारा एक अख्खा विश्वचषक या चेंडूनं उभा केला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

आपल्याकडे पाच-पाच जणांचं फुटबॉल म्हणजे टर्फ. रात्रीचा स्लॉट, हिरवं प्लॅस्टिकचं गवत, चारी बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी. चेंडू बहुधा नेहमीचा पाच नंबरचा. तो जाळीवर आपटून परत येतो, खेळ थांबत नाही, आणि तासाचे पैसे वसूल होतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वेम्बलीच्या एम्पायर पूल या बंदिस्त क्रीडागृहात पाच-पाच जणांच्या स्पर्धा भरत. तिथंही कडेनं फळ्यांचं कुंपण असे आणि चेंडू त्यावरून परत येई. हे सगळं एकाच घराण्यातलं. या घराण्यात भिंत हा सहावा भिडू असतो. चुकलेला पास तो गुपचूप दुरुस्त करून देतो.

फुटसालनं हा भिडू कमी केला. मैदानाला फक्त रेषा. चेंडू बाहेर गेला की समोरच्याचा. त्यामुळे पास नेमकाच द्यावा लागतो, आणि कठीण लादीवर नेमका पास द्यायचा तर चेंडू टुणटुणणारा असून भागत नाही. न उसळण्याचं कारण इतकं साधं आहे.

हे पहिल्यांदा मोंतेव्हिदेओत सुचलं. उरुग्वेनं १९३० मध्ये पहिला फुटबॉल विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकला आणि शहरातली पोरं मिळेल त्या जागेत फुटबॉल खेळू लागली. तिथल्या वायएमसीएत शिकवणारे हुआन कार्लोस सेरियानी यांनी त्याच सुमारास बंद जागेसाठी नियम बांधायला घेतले. बांधले कसले, जमवले. संघात पाच जण आणि ४० मिनिटांचा खेळ हे बास्केटबॉलकडून, गोलची चौकट आणि मैदानाचं माप हँडबॉलकडून, गोलकीपरवरची बंधनं वॉटरपोलोकडून. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘वन टप्पा आउट’ आणि ‘डायरेक्ट गच्चीवर गेला तर बाद’ हे नियम जसे जागेनं लिहून घेतलेले असतात, तसेच हेही. फरक एवढाच, की सेरियानींनी ते कागदावर उतरवले आणि पुढं ब्राझीलनं ते मनावर घेतले.

ब्राझीलमध्ये या खेळाला ‘जड चेंडूचा खेळ’ असंच नाव पडलं. उसळी कमी करण्यासाठी चेंडूच्या पोटात भुसा, बूच, घोड्याचे केस असं काय काय कोंबून पाहिलं गेलं. असा चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं अडवायला गेलं की मीटरभर पुढं सरकतो, आणि त्या मीटरभरात समोरचा खेळाडू उभाच असतो. म्हणून तळव्याखाली दाबून थांबवायचा, तळव्यानंच मागं ओढायचा, तळव्यानंच बाजूला सरकवायचा. पाय मागं घेऊन सणसणीत लाथ घालायला सवड नसते, तेव्हा बुटाच्या टोकानं टोचायचा. मोठ्या मैदानावर प्रशिक्षक ज्या टोकाच्या फटक्याबद्दल कान पिळतात, तो इथं हुकमी एक्का आहे, कारण तो कधी सुटणार याचा अंदाज गोलकीपरला येत नाही.

पुढं घडलं ते आपल्याला ओळखीचं वाटेल: एक खेळ, दोन संघटना. १९७१ मध्ये ब्राझीलमध्ये फिफुसा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिचे पहिले अध्यक्ष जुआंव आव्हलांज. हेच गृहस्थ तीन वर्षांनी फिफाचे अध्यक्ष झाले. फिफुसानं १९८२ मध्ये साव पावलोत पहिली जागतिक स्पर्धा भरवली आणि अंतिम सामन्यात ब्राझीलनं पॅराग्वेला १–० नं हरवलं. १९८५ मध्ये स्पेनमध्ये पुन्हा ब्राझील. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात मात्र पॅराग्वेनं ब्राझीलला २–१ नं हरवून हिशेब चुकता केला. ‘फुटबॉल’ या शब्दावर फिफाचा डोळा असल्यामुळे ‘फुटसाल’ हा जोडशब्द याच वादात रुळला. मग १९८९ मध्ये फिफानं स्वतःचाच विश्वचषक काढला. फिफुसाची वारसदार संघटना, एएमएफ, वेगळी चूल मांडून अजून आहे. ही चूल पुढं थेट गोव्यापर्यंत धूर सोडणार होती.

फिफाची पहिली स्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली. १६ संघ होते, आणि रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात ब्राझीलनं यजमानांना २–१ नं हरवलं. १९९२ ला हाँगकाँगमध्ये अमेरिकेला ४–१, १९९६ ला बार्सिलोनात स्पेनला ६–४. विश्वचषक म्हटला की ब्राझील, अशी समजूत होत असतानाच २००० मध्ये ग्वातेमालात स्पेननं ४–३ नं बाजी मारली. त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या मानोएल तोबियासचे एकट्याचे १९ गोल होते आणि ब्राझीलनं यजमान ग्वातेमालावर २९ गोल चढवले होते. तरी करंडक गेला.

हे २९ गोल ऐकून दचकायला होतं. २००८ मध्ये तर रशियानं सॉलोमन बेटांना ३१–२ नं हरवलं, आणि त्यात पुला नावाच्या एका खेळाडूचे नऊ. दुबळा संघ मोठ्या मैदानावर बचावासाठी दहा जण गोलसमोर उभे करतो आणि पाच-सहा गोलांवर अब्रू राखतो. इथं मैदानात चौघंच, मागं गोलकीपर. एकानं जागा सोडली की भोक पडतं, आणि गोल झाल्यावर चेंडू मधल्या रेषेवर आला की २० मीटरवर परत तीच चौकट. घड्याळही दया दाखवत नाही.

त्या घड्याळाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण टीव्हीला हा खेळ मानवला तो बराचसा त्याच्यामुळे. २० मिनिटांचे दोन भाग, पण चेंडू खेळात नसला की घड्याळ बंद. एका गोलनं पुढं असलेला गोलकीपर पोटरी धरून लोळला, तरी एक सेकंदही वाया जात नाही, म्हणून तो लोळत नाही. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत आत खेळवायचा, नाही तर तो समोरच्याला. गोलकीपरलाही आपल्या अर्ध्यात चार सेकंदच. मध्यंतर धरून सगळं दीड तासाच्या आसपास आटोपतं. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याला आणखी काय हवं? प्रत्येक भागात एका मिनिटाचा टाइमआउट असतो. पहिल्या भागातला वापरला नाही तर तो बुडतो, दुसऱ्यात जमा होत नाही. तेवढ्या मिनिटात कॅमेरा थेट खेळाडूंच्या घोळक्यात शिरतो आणि प्रशिक्षकाची छोटी पाटी, तिच्यावरचे लोहचुंबक, त्याचा घसा, सगळं घरात येतं.

दुसरी सोय मापाची. मोठं मैदान १०५ बाय ६८ मीटर धरलं तर २२ जणांत माणशी सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते. ४० बाय २० च्या फुटसाल मैदानात दहा जणांत माणशी ८०. सगळेच्या सगळे दहा जण एका कॅमेऱ्याच्या चौकटीत मावतात, त्यामुळे चेंडू नसलेले आठ-नऊ जण काय करताहेत ते दिसतं. खरा खेळ तिथंच चालू असतो. सर्वांत मागं ‘फिक्सो’, कडेनं दोन ‘आला’, समोरच्या गोलकडे पाठ करून उभा ‘पिव्हो’. हे चौघं सतत जागा बदलत फिरतात, आणि बचाव करणारा क्षणभर जरी चेंडूकडेच पाहत राहिला तरी त्याचा माणूस पाठीमागून निसटतो. बहुतेक गोल खाण्याचं कारण हेच. चेंडू पाहिला, माणूस विसरला.

खेळाडूंची अदलाबदल पाहताना मराठी माणसाला हटकून खो-खो आठवावा. बदली कितीही, खेळ चालू असताना, पंचांना न विचारता. पण आपल्या बाकासमोरच्या पाच मीटरच्या पट्ट्यातूनच, आणि आतला पूर्ण बाहेर आल्याशिवाय बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही. बाकावरचे अंगात रंगीत बिब, म्हणजे बिनबाह्यांची बंडी, घालून बसतात. आत जाणारा ती काढून बाहेर येणाऱ्याच्या हातात देतो. तो खोच. घाईत खो चुकला की पिवळं कार्ड, आणि वर समोरच्याला फ्री किक. लाल कार्ड मिळालं तर त्या खेळाडूचा सामना संपतो. त्याचा संघ दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळतो, पण तेवढ्यात समोरच्या भरल्या संघानं गोल केला तर ती जागा लगेच भरता येते. कबड्डीत आपण गुण मिळवला की आपला भिडू जिवंत होतो, इथं आपण मार खाल्ला की होतो.

फाउलचा हिशेब तर वाण्याच्या वहीसारखा. एका भागात संघाचे पाच फाउल जमा होईपर्यंत फ्री किकसमोर भिंत उभी करता येते. सहाव्यापासून भिंत नाही. गोलपासून दहा मीटरवर चेंडू, समोर एकटा गोलकीपर. पडद्यावर धावफलकाशेजारी फाउलचा आकडाही असतो तो यासाठीच. पाच भरले की बचाव करणाऱ्यांचे हात आपोआप पाठीमागं जातात आणि जादा वेळ आली तरी दुसऱ्या भागातली उधारी तशीच पुढं चालू राहते.

पिछाडीवरचा संघ शेवटच्या पाचेक मिनिटांत जुगार खेळतो. गोलकीपर बाहेर, त्याच्या रंगाचा शर्ट घालून पाचवा खेळाडू आत. पाच विरुद्ध चार. पास सावकाश फिरवत समोरच्यांची रांग एका बाजूला ओढायची आणि दुसऱ्या कडेला मोकळा माणूस गाठायचा. यात एक पास आडवा, ढिला गेला की संपलं. समोरचा तिथूनच रिकाम्या चौकटीत चेंडू ढकलून देतो, आणि तो तीसेक मीटर घरंगळत जाताना सगळे नुसते बघत राहतात.

२००४ ला तैपेईत स्पेननं इटलीला २–१ नं हरवून करंडक राखला. २००८ ला रिओत ब्राझीलनं तो पेनल्टींवर परत आणला. २०१२ थायलंडमधलं. त्यासाठी बँकॉकमध्ये खास नवं स्टेडियम बांधायला घेतलं होतं, ते वेळेत पुरं झालं नाही. फिफानं ते नाकारलं आणि अंतिम सामना जुन्या हुआमाकमध्ये झाला. तिथं दुखापतीनं बराच वेळ बाकावर काढलेल्या ब्राझीलच्या फाल्काओनं उतरून स्पेनशी बरोबरी साधून दिली, आणि जादा वेळेची मोजकी सेकंदं उरली असताना नेतोनं ३–२ केलं.

हाच फाल्काओ जुलै २०१६ मध्ये चेन्नईकडून खेळला. प्रीमियर फुटसाल नावाची स्पर्धा त्या वर्षी भारतात टीव्हीसाठीच जन्माला आली. सहा शहरांचे संघ होते. मुंबईकडे रायन गिग्ज, बंगळूरकडे पॉल स्कोल्स, गोव्याकडे रोनाल्डिन्यो. रोनाल्डिन्योनं बंगळूरविरुद्ध एकट्यानं पाच गोल केले आणि थोड्याच दिवसांत तो निघून गेला. त्याच्या जागी काफू आला. अंतिम सामना गोव्यात झाला, त्यात मुंबईनं कोचीला पेनल्टींवर हरवलं. पण स्पर्धेच्या पाठीशी होती ती एएमएफ, म्हणजे ती वेगळी चूल. फिफाच्या घरातल्या आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं स्पर्धेला मान्यता दिली नव्हती. महासंघानं स्वतःची क्लब फुटसाल स्पर्धा सुरू केली ती २०२१ मध्ये, दिल्लीत. माझ्या मते त्या तमाशात एकच माणूस आपल्या घरच्या खेळात होता, तो फाल्काओ. बाकीची बडी नावं गवतावरची. लादीवर चेंडू तळव्याखाली घेण्याची सवय त्यांच्या पायांना नव्हती, आणि कॅमेरा एवढा जवळ असला की ते लपत नाही.

२०१६ च्याच सप्टेंबरमध्ये कोलंबियातल्या विश्वचषकात इराणनं ब्राझीलला ४–४ च्या बरोबरीनंतर पेनल्टींवर बाहेर काढलं. फाल्काओचा तो शेवटचा विश्वचषक, एकूण ४८ गोलांवर. जिंकलेल्या इराणी खेळाडूंनीच त्याला वर उचलून झेललं. तो करंडक अर्जेंटिनाला, २०२१ चा पोर्तुगालला, २०२४ चा ताश्कंदमध्ये पुन्हा ब्राझीलला, सहाव्यांदा. बायकांचा पहिला विश्वचषक यायला मात्र २०२५ उजाडलं. फिलिपिन्समध्ये झाला, तोही ब्राझीलनंच नेला.

हा चेंडू विकत घ्यायला गेलात तर एक अडचण येईल. फुटसालचा मागितला की बऱ्याचदा चार नंबरचा साधा चेंडू पुढं होतो, कारण आकारानं दोघं जुळे. बघून कळत नाही, सोडून बघावा लागतो. हात डोक्यावर पूर्ण ताणून धरा, म्हणजे दोनेक मीटर होतात, आणि लादीवर नुसता सोडा, आपटू नका. कमरेच्या वर आला तर तो साधा. गुडघ्याशी थांबला तर दुकानदार म्हणेल, थांबा, हवा कमी दिसतेय, भरून देतो. भरू देऊ नका.