मिशिगनच्या थंडीत दारची लाल जास्वंद - माझा अनुभव

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो आणि गणपतीला दारचं लाल जास्वंदीचं फूल असावं ही माझी फार वर्षांची इच्छा. आधी कुंडीत आपली नेहमीची जास्वंद लावली होती, उन्हाळाभर छान फुलली पण ऑक्टोबरमध्ये घरात घ्यायला एकच रात्र उशीर झाला आणि फ्रॉस्टने पूर्ण काळी पडून गेली, मी खरंच रडले होते.

मग कळलं की हार्डी जास्वंद नावाचा वेगळा प्रकार असतो, हिबिस्कस मोश्यूटोस, मूळची इथलीच, पूर्व अमेरिकेतल्या दलदलीत वाढणारी. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं पण मुळं जिवंत राहतात आणि दरवर्षी नवीन फांद्या येऊन त्यांच्यावर फुलं येतात. जुन्या जाती सहा-सात फूट उंच होतात, माझी जागा डेकच्या कडेला थोडीशीच, म्हणून बुटकी शोधली. 'क्रॅनबेरी क्रश' घेतली, ती तीन-चार फुटांवर थांबते, झोन ४ पर्यंतची (अमेरिकेत थंडीनुसार भागांना नंबर देतात, नंबर जितका कमी तितकी थंडी जास्त) थंडी सोसते आणि फूल गर्द लाल, सात-आठ इंचांचं! आमच्याच मिशिगनमधल्या झीलंडच्या वॉल्टर्स गार्डन्सने तयार केलेली जात आहे म्हणून जरा जास्तच विश्वास वाटला.

जून २०२३ मध्ये लावली. आमची माती चिकणमाती, भरपूर पाणी धरते, दुसऱ्या झाडांना त्रास होतो पण हिला ती मानवली. त्या वर्षी १९ सप्टेंबरला गणपती आले आणि झाडावर एकच कळी, तीही उमलली नाही.

खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात. शेजारचं सगळं हिरवं झालेलं, होस्टाची झाडं वर आलेली, आणि माझ्या झाडाच्या जागी नुसत्या वाळक्या काड्या. नवरा म्हणाला मेलंय ते, काढून टाक. मी फावडं घेऊन गेलेसुद्धा, पण आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं थांब जरा, माती तापू दे." मे संपता संपता मातीतून लालसर कोंब दिसले!! ही झाडं सगळ्यात उशिरा उठतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन आठवड्यांची झोप गेली नसती, म्हणून इथे लिहितेय, जूनचा पहिला आठवडा जाईपर्यंत खणू नका. आणि जुन्या काड्या वीतभर ठेवूनच कापा म्हणजे झाड नेमकं कुठे आहे ते कळतं, नाहीतर तिथेच दुसरं काहीतरी लावून बसाल.

कोंब फूटभर झाले की मी शेंडे खुडते, झाड जास्त भरगच्च होतं, पण जूनच्या मध्यानंतर खुडलं तर फुलं लांबतात, आपल्याला गणपती गाठायचे असतात. ऊन कमीत कमी सहा तास हवं. पाण्यात मात्र कसूर नको, जुलैत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो तर परत येईपर्यंत अर्ध्या कळ्या गळल्या होत्या. तेव्हापासून बुंध्याशी मल्चचा, म्हणजे पालापाचोळा-लाकडाच्या भुशाचा, जाड थर घालते.

त्याच जुलैत पानांची चाळण झाली. पानं उलटून बघितली तर बारीक हिरव्या अळ्या, काळ्या डोक्याच्या. मी बीटी (अळ्यांवरचं जिवाणूंपासून केलेलं औषध) फवारलं, काही फरक नाही, कारण त्या फुलपाखराच्या अळ्या नसून सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या किड्याच्या असतात आणि बीटी त्यांच्यावर चालत नाही. मग रोज सकाळी हाताने वेचल्या, उरलेल्यांवर स्पिनोसॅड नावाचं कीटकनाशक, तेही संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर. पानं-फुलं खाणारे जॅपनीज बीटल हे भुंगे पहाटे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात पाडते.

७ सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या दिवशी, तीन फुलं मिळाली. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले, त्या दिवशी सकाळी साडेसहाला डेकवर गेले तर झाडावर नऊ फुलं उमललेली. आमची मूर्ती नऊ इंचांची, एक फूल वाहिलं तर बाप्पाच झाकले जातील म्हणून ते पायाशी ठेवलं आणि बाकीची मागे मखराला लावली. फूल एकाच दिवसाचं असतं, संध्याकाळच्या आरतीपर्यंत मिटायला लागतं, पण दुसऱ्या दिवशी उठून बघितलं तर पुन्हा सहा तयार होती.