तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशगंगा सोडून गुच्छांच्या मागे का?

“आकाशगंगा कशी तयार झाली ते शोधायचंय ना? मग आकाशगंगाच बघा की. ते गोळे कशाला बघत बसता?”

शिकवणं आणि संशोधन दोन्ही सोलापुरातच चालत असल्यामुळे हा प्रश्न मला कुठेही गाठतो. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना. प्रश्न रास्त आहे. घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरचा “असं होय” म्हणतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच विचारतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

गोळे म्हणजे गोलाकार तारकागुच्छ. एकेका गुच्छात काही हजारांपासून काही लाखांपर्यंत तारे असतात, स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना धरून राहिलेले, मधे दाट, कडेला विरळ. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त गुच्छ माहीत आहेत. एम ८७ नावाच्या अवाढव्य दीर्घिकेत (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड संसार) ते बारा हजारांच्या घरात आहेत. आपल्याकडच्या बहुतेक गुच्छांचं वय ११ ते १३ अब्ज वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज, म्हणजे आकाशगंगेची जुळवाजुळव चालू होती त्या काळापासून हे गुच्छ हजर आहेत.

आता आकाशगंगाच का बघत नाही? एक तर आपण तिच्या आत बसलोय, आणि मधे धूळ. पण खरी अडचण निराळीच आहे. सुट्टे तारे मिसळून जातात. आपला सूर्य ४.६ अब्ज वर्षांपूर्वी इतर ताऱ्यांबरोबर जन्मला आणि तेव्हापासून त्याने आकाशगंगेच्या केंद्राभोवती वीसेक फेऱ्या मारल्या. त्याची भावंडं कुठे पांगली, सांगणं महाकठीण.

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं जातं. हे शहर गिरण्यांनी आणि मागांनी माणसं ओढून घेत वाढलं. नवी पेठेत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला “तुम्ही मूळचे कुठले” असं विचारत सुटलात तर हाती फारसं काही लागणार नाही. तिसरी-चौथी पिढी, सगळेच इथले. पण पूर्व भागात जा. साखर पेठ, कन्ना चौक. घरात बोलणं तेलुगू, आडनावं तेलुगू, हाक मारायची पद्धतसुद्धा तेलुगू. विणकरांची ती कुटुंबं तेलंगणातून आली आणि एकत्र राहिली, म्हणून त्यांच्याकडे बघून शहर कसं भरत गेलं ते आजही वाचता येतं. गुच्छांचं तसंच. एकत्र जन्मलेले तारे अजून एकत्र आहेत, त्यामुळे त्यांचं वय, त्यांच्यातली मूलद्रव्यं आणि त्यांचा आकाशगंगेतला मार्ग, तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. सुट्ट्या ताऱ्याचं नुसतं वय नीट काढायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

गुच्छांनी आपल्याला पहिला धक्का दिला तो १९१८ च्या सुमारास. हार्लो शॅप्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून गुच्छांमधले रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे बघून त्यांची अंतरं काढली. गुच्छ आकाशात सगळीकडे सारखे नाहीत, धनू राशीच्या दिशेला त्यांची गर्दी आहे. म्हणजे केंद्र तिकडे, आणि आपण बरेच एका बाजूला. शॅप्लीने काढलेलं अंतर जवळपास दुप्पट आलं होतं, मधल्या धुळीचा हिशेब तेव्हा कुणाकडेच नव्हता. आज ते २६ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास मानतात. पण दिशा बरोबर होती.

वय कसं कळतं, हा हमखास येणारा उपप्रश्न. यावर मी बोलत नाही, करायलाच लावते. वृश्चिकेतली लालसर ज्येष्ठा सगळ्यांना ओळखू येते. तिच्या पश्चिमेला दीड अंशाच्या आत एम ४ हा गुच्छ आहे, सुमारे ६ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे गुच्छांच्या हिशेबात अगदी शेजारी. युरोपच्या गाया यानाने मोजलेली ताऱ्यांची माहिती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. आकाशाच्या त्या तुकड्यातले सगळे तारे घ्यायचे. हजारोंनी येतात, आणि त्यातले पुष्कळसे गुच्छाचे नसतातच. वाटेत अलीकडे-पलीकडे असलेले आगंतुक. ते निवडून काढायचे. प्रत्येक तारा वर्षाला आकाशात किती सरकतो, एका अक्षावर पूर्व-पश्चिम आणि दुसऱ्यावर उत्तर-दक्षिण, असा आलेख काढला की आगंतुक तारे शून्याच्या आसपास विस्कटून पडतात आणि त्यांच्यापासून बाजूला ठिपक्यांचा एक घट्ट पुंजका उमटतो. तो एम ४. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला, आणि हा गुच्छ वर्षाला विकलेच्या चाळिसाव्या भागाइतकाही सरकत नाही. तरी तो वेगळा निघतो! पहिल्यांदा बघणारी पोरं खुर्ची पुढे ओढतात.

मग फक्त त्या पुंजक्यातले तारे ठेवायचे आणि दुसरा आलेख: रंग आणि तेजस्विता. खालच्या मंद लाल ताऱ्यांपासून वरच्या निळसर ताऱ्यांकडे तिरका पट्टा चढत जातो, आणि एका ठिकाणी अचानक उजवीकडे वळतो. त्या वळणाच्या वर जे वजनदार तारे असायला हवे होते, ते इंधन भराभर जाळतात, त्यामुळे त्यांच्या गाभ्यातला हायड्रोजन केव्हाच संपला. ते फुगून तांबडे राक्षसी तारे झाले, काही विझूनही गेले. वळणावरच्या ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट निघतं, आणि अशा ताऱ्याला गाभ्यातलं इंधन संपवायला बारा-एक अब्ज वर्षं लागतात. गुच्छ जितका जुना, तितकं वळण खाली. एवढंच गणित. बारकावे पुष्कळ आहेत, पण गाभा हाच.

या गणिताने एकदा पंचाईतही केली. १९९० च्या दशकात काही गुच्छांची वयं १४ ते १६ अब्ज वर्षं निघत होती, आणि विश्वाच्या वयाचे कित्येक अंदाज त्याहून कमी होते. पोरगं आईपेक्षा मोठं! १९९७ मध्ये हिप्पार्कस यानाच्या मापांनी अंतरं सुधारली, तशी गुच्छांची वयं खाली आली. पुढच्याच वर्षी विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं दिसलं. म्हणजे आधी ते सावकाश होत होतं, इथवर यायला जास्त काळ लागला, आणि विश्वाचं वय वर सरकलं. माझ्या मते गुच्छांच्या अभ्यासाचं सगळ्यात मोठं काम हेच: विश्वाच्या हिशेबात काहीतरी चुकतंय हे ते वर्षानुवर्षं सांगत होते.

आता मूळ प्रश्नाकडे. आकाशगंगा कशी झाली याबद्दल १९६२ मध्ये एगन, लिंडेन-बेल आणि सँडेज यांनी मांडलं की एकच प्रचंड मेघ झपाट्याने कोसळला आणि त्यातून ती घडली. तसं असेल तर मेघ आत आत कोसळताना ताऱ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या होऊन त्यांनी बनवलेली जड मूलद्रव्यं वाढत जातील आणि बाहेरच्या गुच्छांपेक्षा आतल्या गुच्छांत ती पायरीपायरीने जास्त सापडतील. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी १९ गुच्छांमधल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांची रसायनं तपासली. बाहेरच्या भागात तशी पायरी दिसेना. जवळचा असो की लांबचा, कुठल्याही गुच्छात कितीही. त्यांचा निष्कर्ष: बाहेरचा भाग सुट्या तुकड्यांतून, सावकाश, एकेक येऊन मिळत तयार झाला.

त्याचा ढळढळीत पुरावा १९९४ मध्ये मिळाला. धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूला, एक बटू दीर्घिका सापडली. आपली आकाशगंगा तिचे लचके तोडत आहे. तिच्या ऐन मध्यभागी एम ५४ हा गुच्छ आहे. मेसिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने (एम ५४ मधला ‘एम’ त्याचाच) १७७८ मध्ये नोंदवलेला, दोनशेहून अधिक वर्षं आपलाच समजलेला. तो आपला नव्हताच. गायाच्या २०१८ च्या माहितीतून तर कळलं की दहाएक अब्ज वर्षांपूर्वी एक चांगली मोठी दीर्घिका आपल्यात येऊन मिसळली. तिचे तारे सगळीकडे पांगलेत, पण तिच्याबरोबर आलेले गुच्छ वय, रसायन आणि मार्ग जुळवून वेगळे काढता येतात.

यातला एक संशयित तुम्हाला सोलापुरातून दिसू शकतो. ओमेगा सेंटॉरी. मेच्या मध्यावर रात्री सव्वादहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २५ अंश वर. गावातून नाही, नान्नजच्या माळाकडे किंवा विजापूर रोडने दिवे मागे पडेपर्यंत जायचं, पण मेमध्ये दक्षिणेला धुरळा असतो, एखादा वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या रात्री जावं. नुसत्या डोळ्यांना पुसट, जरा पसरलेला तारा दिसतो. साध्या द्विनेत्रीतून गोल धूसर डाग. आमच्या लहान दुर्बिणीतून कडेचे दाणे सुटे व्हायला लागतात, मधला भाग काही केल्या फुटत नाही. हॅलीने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून याची नोंद केली. अंतर १७ हजार प्रकाशवर्षं, तारे कोटीच्या आसपास. गुच्छ म्हणून हा फारच मोठा, शिवाय यातले तारे एका वयाचे किंवा एका घडणीचे नाहीत. म्हणून अनेकांना वाटतं की हा मुळात गुच्छच नव्हे, गिळून टाकलेल्या एका दीर्घिकेचा उरलेला गाभा आहे. २०२४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या चित्रांवरून त्याच्या मध्याजवळ फार वेगाने पळणारे सात तारे सापडले. इतक्या वेगाचे तारे तिथे टिकून राहायचे तर मधे सूर्याच्या निदान ८,२०० पट वस्तुमानाचं कृष्णविवर हवं. गिळलेल्या दीर्घिकेच्या गाभ्यात असं काही असावं, हे शोभतंच.

सगळं असं जुळत जातं असं समजू नका. एका गुच्छातले तारे एकाच मेघातून एकदम झाले, हे आम्ही गृहीत धरतो, आणि जवळपास प्रत्येक जुना गुच्छ तपासला की त्यात दोन किंवा जास्त गट निघतात: एकात सोडियम जास्त, ऑक्सिजन कमी, दुसऱ्यात उलट. याचं सर्वांना पटेल असं स्पष्टीकरण अजून नाही. वेब अवकाश दुर्बिणीने २०२४ मध्ये गुरुत्वीय भिंगाच्या मदतीने (वाटेतल्या वस्तुमानाने प्रकाश वाकतो आणि मागचं मोठं होऊन दिसतं) विश्व ४६ कोटी वर्षांचं असतानाचे पाच लहानगे, भरगच्च गुच्छ दाखवले. जन्मतानाचे गुच्छ असे दिसतात, तर ती सोडियमची भानगडही तिथेच कधीतरी सुटावी, अशी मला आशा आहे.

“मग आपल्या गुच्छांपैकी बाहेरून आलेले किती?” हा हल्लीचा नवा प्रश्न, आणि इथे आमच्यातच जुंपलेली असते. २०१९ च्या एका वर्गीकरणात सुमारे ४० टक्के गुच्छ घरचे निघाले. नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा निम्म्याच्या बराच वर गेला. घोडं अडतं ते केंद्राजवळच्या गुच्छांवर. तिथे धूळ दाट, मार्ग एकमेकांत गुंतलेले, आणि घरचा कोण, पाहुणा कोण हे रेघ कुठे मारता त्यावर ठरतं. मी स्वतः घरचे जास्त म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे, पण सध्या आतल्या गुच्छांच्या वयातली चूक अब्ज वर्षांच्या आसपास येते, आणि तेवढ्यात दोन्ही बाजू आरामात बसतात.