शेक, मालीश आणि हट्टी खांदे

कोपर दाराच्या कडेला आपटलं की डोकं काही ठरवायच्या आत दुसरा हात तिथे पोचून चोळायला लागलेला असतो. चोळून कोपराचं दुरुस्त काय होतं? काहीच नाही. तरी बरं वाटतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचं एक उत्तर मांडलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि चोळण्याचा निरोप आत शिरला की कळेच्या निरोपाला तिथे थोपवून धरलं जातं. त्या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. मला तर वाटतं, शेक आणि मालीश दुखण्यावर जेवढं काम करतात, त्याहून जास्त दुखण्याच्या बातमीवर करतात.

शेकाचंच घ्या. रबरी पिशवी निम्म्याहून थोडी जास्त भरायची, पाणी तोंडाशी येईपर्यंत दाबून आतली हवा घालवायची, बूच घट्ट बसवून एकदा उलटी करून बघायची, मग टॉवेलात गुंडाळून कमरेखाली सारायची. आधी वाटतं, चटका बसणार. मग ती ऊब हळूहळू मुरते आणि उसण भरलेली पाठ गादीला टेकते. खरं तर ऊब फार खोल जात नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू थोडे ढिले पडतात. बाकीचं काम मज्जातंतूंचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे त्वचेतले काही संवेदक 'भाजतंय' म्हणून ओरडू लागतात, आणि मिरचीच्या तिखटानेही नेमके तेच चेकाळतात. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाचे संवेदक शोधणारे आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल एकत्र मिळालं. शेक आणि मालीश यांना ते विभागून मिळालं, असं मी आपलं समजते.

मालिशीबद्दल एक समज फार पसरलाय, की रगडल्याने स्नायूंत साठलेलं लॅक्टिक आम्ल निघून जातं. व्यायामानंतर ते तासाभरात आपलं आपणच ओसरतं. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. मग अंग मोकळं कशाने होतं? निम्मं उत्तर संथपणात असावं. केसाळ त्वचेत अशा तंतूंची एक जात असते, जी सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर अशा सावकाश, हलक्या स्पर्शालाच नीट दाद देते. घाईघाईने खसाखसा चोळलं की अंग लाल होतं, पण मन निवत नाही.

उरलेलं निम्मं मला टेबलावर पालथं पडल्यावर कळतं. पाठीच्या फऱ्याशेजारची गाठ मालीश करणाऱ्याच्या अंगठ्याला बरोबर सापडते. "खांदा सैल सोडा." "सोडलाय की." "अजून सोडा." आणि खांदा खरंच बोटभर खाली येतो! इतका वेळ तो कोणाच्या सांगण्यावरून वर धरला होता, देव जाणे. स्वतःच्या हाताने स्वतःचा खांदा दाबून ही मजा येत नाही. आपला हात कुठे पडणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. शिवाय तो हात राबत असतो, मग विसावा कसला?

काही ठिकाणी मात्र दोन्ही टाळलेलं बरं. ताज्या मुरगळीवर, सूज चढत असताना शेक नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पिशवीचा चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती रगडू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. आधी डॉक्टर.

झोपेचं गणित तर उफराटंच. कोमट-गरम पाण्याच्या अंघोळीने झोप लागते, ती अंग तापल्यामुळे नव्हे. हातापायांकडे रक्त वळतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून जरा निवतं. झोपेला तेच हवं असतं. म्हणून ऐन निजायच्या तोंडावर कढत पाणी ओतून घेऊन "डोळा लागत नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. एक-दोन तास आधी आटपा की!